साखरपुड्याची अंगठी घडवून घेताना: हातापासून पावतीपर्यंत

साखरपुड्याच्या अंगठीची ऑर्डर घेताना मी आधी मुलीचा हात बघते. बोटं लांब आहेत की आखूड, सांधा जाड आहे का, नखं वाढवायची सवय आहे की बारीक कापायची, दिवसभर त्या हाताला काय काय करावं लागतं. पुण्यात दागिन्यांची डिझाइनं करण्यात माझी सतरा वर्षं गेली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जी अंगठी हात बघून घडवली ती वर्षानुवर्षं बोटात राहते, आणि जी फोटो बघून घडवली ती लवकरच डबीत जाते.

कामाला लागले तेव्हा हे मलाही माहीत नव्हतं. एका परिचारिकेसाठी मी उंच कोंदणाची, मधोमध एकच हिरा असलेली अंगठी केली होती. दिसायला देखणी होती. दोन महिन्यांनी ती परिचारिका परत आली तेव्हा अंगठी गळ्यातल्या साखळीत ओवलेली. दर वेळी हातमोजा घालताना तो फाटायचा, म्हणून तिने बोटातून काढून टाकली होती. ती अंगठी मोडून मी हिरा खाली, पट्टीच्या पातळीला बसवून दिला. त्या दिवसापासून पहिला प्रश्न ठरला: दिवसभर या हाताने काय करता?

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. मधोमध हिरा असलेली अंगठी ही काही आपली जुनी रीत नाही. साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणे साखरेचा पुडा. माझ्या आजीच्या वेळी साडी-चोळी, नारळ आणि तो पुडा एवढ्यावर सगळं झालं, अंगठी नव्हतीच. ‘दोन महिन्यांचा पगार अंगठीवर घालावा’ हा हिशेबही परदेशातल्या हिरेकंपनीच्या जाहिरातींतून आला आहे. तेव्हा माणिक लावा, नुसती सोन्याची वेढणी करा किंवा आईच्या जुन्या कुडीतला खडा वापरा. कशालाच कमीपणा नाही.

आधी तारीख, मग डिझाइन

घडवून घ्यायच्या अंगठीला सहा आठवडे हातात ठेवा. काम तीन-चार आठवड्यांचं असतं, पण एखादी दुरुस्ती निघतेच. दिवाळी, अक्षय्य तृतीया आणि लगीनसराईत कारखाने तुडुंब असतात. शिवाय मुंबईच्या झवेरी बाजारात काय किंवा पुण्यात काय, खडे बसवणारे बरेच कारागीर बंगालचे आहेत आणि दुर्गापूजेला ते गावी जातात. साखरपुडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर ऑर्डर गणपतीच्या आधीच देऊन टाका.

पैशांचं म्हणाल तर एकच आकडा ठरवा, आणि तो सोनं, खडा, घडणावळ आणि जीएसटी धरून ठरवा. बहुतेक लोक फक्त हिऱ्याचं बजेट घेऊन येतात आणि मग सोन्याच्या भावापाशी अडतात.

माप

दोरा गुंडाळून घेतलेलं माप मी कधीच स्वीकारत नाही. दोरा ताणला जातो, सैल पडतो आणि सांध्याचा विचार त्यात येतच नाही. दुकानात मापाच्या कड्यांचा जुडगा असतो, त्यातली कडी घालून बघा. सकाळी आणि थंडीत बोटं आकसलेली असतात, म्हणून माप संध्याकाळी घ्या, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. कडी सांध्यावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि खाली गेल्यावर फिरता कामा नये. डाव्या आणि उजव्या अनामिकेत बऱ्याचदा एका मापाचा फरक निघतो, त्यामुळे अंगठी कुठल्या हातात घालायची हे दोन्ही घरांत आधी विचारून घ्या.

आपल्याकडच्या मापाचं गणित सोपं आहे: अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. परीघ ५२ मिमी असेल तर माप १२, ५४ असेल तर १४. मुलीला न सांगता अंगठी करायची असेल तर ती त्याच बोटात घालते ती अंगठी एका दिवसासाठी मिळवा आणि आतला व्यास कॅलिपरने मोजून आणा. १६.५ मिमी व्यास म्हणजे साधारण १२ नंबर. पट्टी ५-६ मिमी रुंद करायची असेल तर एक माप मोठं धरा, कारण रुंद पट्टी बोट जास्त आवळते.

कोणतं सोनं?

इथे घरातल्या मोठ्यांशी वाद होतो. त्यांना २२ कॅरेट हवं असतं, आणि त्यामागची भावना मला समजते: सोनं म्हणजे अडीअडचणीची पुंजी. पण २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के शुद्ध सोनं असतं आणि ते मऊ असतं. हिऱ्याला धरून ठेवणारी बारीक नखं, ज्यांना कारखान्यात प्रॉन्ग म्हणतात, ती मऊ सोन्यात रोजच्या वापराने वाकतात आणि एके दिवशी खडा पडतो. खडा असेल तर १८ कॅरेट घ्या. त्यात ७५ टक्के सोनं असतं, उरलेल्या २५ टक्क्यांत तांबं, चांदी वगैरे धातू असतात आणि त्यांच्यामुळेच अंगठीला ताकद येते. बिनखड्याची जाडजूड वेढणी असेल तर २२ कॅरेट खुशाल करा.

गुलाबी सोन्यात तांबं जास्त असतं. पांढरं सोनं मुळात किंचित पिवळसर असतं, त्यावर रोडियमचा मुलामा चढवतात. रोजच्या वापरात तो वर्ष-दोन वर्षांत उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. खोटे कानातले घातल्यावर कान खाजत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी निकेल नसलेलं पांढरं सोनं मागा किंवा प्लॅटिनम घ्या. प्लॅटिनमच्या दागिन्यात ९५ टक्के शुद्ध धातू असतो, पण तो सोन्यापेक्षा जड, म्हणून तेच डिझाइन वजनाला बरंच जास्त भरतं. ते वितळायला १७६८ अंश सेल्सियस लागतात, सोन्याला १०६४. त्यामुळे दुरुस्ती करणारे कारागीर प्रत्येक गावात मिळत नाहीत. तुम्ही राहता त्या गावात असा कारागीर आहे का, ते आधी बघा.

आजीची पाटली किंवा आईची बांगडी मोडून अंगठी करायची असेल, तर मला त्याचा मनापासून आनंद होतो. फक्त काळजी घ्या. आधी मशीनवर शुद्धता तपासा, मग डोळ्यांदेखत आटवून घ्या, आणि आटवल्यावर लगडीचं पुन्हा वजन आणि टंच, म्हणजे शुद्धतेची टक्केवारी, घ्या. जुन्या दागिन्यात डाक, म्हणजे जोडकामाचा धातू, भरपूर असतो, त्यामुळे वजन आणि शुद्धता दोन्ही थोडी उतरतात. हिशेब असा मांडायचा: २२ कॅरेटचं ४ ग्रॅम सोनं निघालं तर त्यात शुद्ध सोनं ३.६६४ ग्रॅम. त्याचं १८ कॅरेट केलं की सुमारे ४.८८ ग्रॅम होतं. म्हणजे एका अंगठीला पुरून थोडं उरतंही. जुनं सोनं तसंच ओतलं तर डाकाच्या अंशामुळे अंगठीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, म्हणून ते शुद्ध करून मगच मिश्रण करायला सांगा. आणि आजीचंच सोनं त्या अंगठीत जावं अशी इच्छा असेल तर ते ऑर्डरवर लिहून घ्या. नाहीतर पेढीवर मोड घेऊन तेवढ्या किमतीचं दुसरं सोनं वापरतात. त्यात फसवणूक काही नाही, पण तुमची इच्छा मात्र अपुरी राहते.

खडा

हिरा सुटा बघा. कोंदणात बसल्यावर त्याचे दोष झाकले जातात. वजन कॅरेटमध्ये मोजतात; सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट वेगळा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. पण डोळ्याला वजन दिसत नाही, व्यास दिसतो. चांगल्या कटचा, म्हणजे नीट पैलू पाडलेला, गोल हिरा ३० सेंटला ४.३ मिमी, ५० सेंटला ५.१-५.२ मिमी आणि एक कॅरेटला ६.५ मिमीच्या आसपास भरतो. वजन दुप्पट झालं तरी व्यास फक्त सव्वापट होतो, हे लक्षात आलं की मोठ्या हिऱ्याचा मोह बराच आवरतो.

भाव ५० सेंट, १ कॅरेट अशा टप्प्यांना उडी मारतो. म्हणून ४६-४८ सेंटचा हिरा शोधा. बोटात घातल्यावर फरक कुणालाही कळणार नाही.

रंग, स्वच्छता, कट आणि वजन या चारांत मी पैसे आधी कटवर लावते. कट बिघडला तर महागडा हिराही काचेसारखा मेलेला दिसतो. रंगाची श्रेणी डी (रंगहीन) पासून झेड (पिवळसर) पर्यंत जाते. पांढऱ्या धातूत जी-एच पुरेसा, आणि पिवळ्या सोन्यात आय किंवा जे घेतला तरी चालतो, कारण सोन्याचीच झाक त्यात उतरते. स्वच्छतेत व्हीएस२ किंवा एसआय१ (आत बारीक दोष असलेल्या मधल्या श्रेणी) घ्या, मात्र नुसत्या डोळ्याला काळा ठिपका दिसत नाही ना, ते खिडकीच्या उजेडात बघा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच हिरे लखलखतात.

प्रमाणपत्र जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं असावं. त्यावरचा क्रमांक बऱ्याचदा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, लेझरने कोरलेला असतो. दहापट भिंगातून तो स्वतः वाचा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देते. पहिल्यांदा दिसत नाही. भिंग डोळ्याला टेकवून हिरा जवळ आणला की अचानक ते बारीक आकडे उमटतात, आणि त्या क्षणी हिरा खऱ्या अर्थाने त्यांचा होतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घ्यावा का, हा आता रोजचा प्रश्न झाला आहे. तो खराच हिरा आहे: तोच कार्बन, तोच कठीणपणा. नुसत्या डोळ्याने किंवा भिंगाने तो ओळखणं भरवशाचं नाही, त्यासाठी खास यंत्र लागतं. किमतीत मात्र तो नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत अगदी स्वस्त पडतो, आणि परत विकताना हाती फार थोडं येतं. अंगठी विकायची नाही, बोटात घालायची आहे असं मानणाऱ्यांना मी तो आनंदाने देते. माझी अट एकच: दोघांनाही आणि दोन्ही घरांना ते माहीत असावं, आणि पावतीवर ‘लॅबग्रोन’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. मोइसनाइट हा मात्र वेगळा खडा आहे, आणि बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो झिर्कोनिया. उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टरवर मोइसनाइटही हिरा म्हणून पास होतो, त्यामुळे टेस्टरच्या ‘टिंग’वर विसंबू नका.

रंगीत खड्यांत माणिक, नीलम, पुष्कराज रोजच्या वापराला उत्तम. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० आणि हे ९. पाचू ७.५ ते ८ असला तरी त्यात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या बहुतेकदा तेलाने भरलेल्या असतात. धक्का लागला की तो तडकतो. मोती आणि पोवळं फार मऊ, ते रोजच्या अंगठीत मी बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

कोंदण आणि पट्टी

चार नखांचं कोंदण हिरा जास्त दाखवतं, सहा नखांचं जास्त जपतं. एक नख तुटलं तरी पाच उरतात. बंद कोंदणात, म्हणजे बेझलमध्ये, सोन्याची पातळ पट्टी हिऱ्याला चहूबाजूंनी कवेत घेते. डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका, लहान मुलं सांभाळणाऱ्या आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या हातांना मी हेच सुचवते. उंच नखांच्या कोंदणात कणीक अडकते आणि पदराची जर ओढली जाते. बदाम किंवा पेर आकाराच्या हिऱ्याचं टोक नाजूक असतं. हिरा सर्वांत कठीण असला तरी टोकावर नेमका आपटला तर टवका उडतो, म्हणून टोकाला व्ही आकाराचं नख हवंच.

पट्टीत सोनं वाचवायला जाऊ नका. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला ती किमान २ मिमी रुंद आणि १.७ ते १.८ मिमी जाड असावी. त्याहून बारीक पट्टी लोकलचा दांडा धरून धरून लंबगोल होते, आणि पट्टी वाकली की नखं उघडतात. पूर्ण फेरीत हिरे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करता येत नाही. बाळंतपणानंतर माप बदलतं, हे धरून अर्ध्या फेरीतच हिरे घ्या.

नक्षी आपल्या घरातली घ्या ना! नारळी काठाची त्रिकोणी रांग पट्टीच्या कडेने फार सुंदर बसते. कोयरीच्या आकारात छोटा खडा बसतो, ठुशीच्या मण्यांसारखे गोल दाणे हिऱ्याभोवती लावता येतात. आतल्या बाजूला मोडी लिपीत नाव कोरायचं काम मी काही जोडप्यांसाठी केलं आहे. ती वळणदार, न तुटणारी अक्षरं अरुंद पट्टीवर जणू वाहत जातात. मात्र कोरण्याआधी मजकूर मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा.

स्क्रीनवरची आणि बोटातली

डिझाइन संगणकावर त्रिमितीत उभं राहतं आणि तुम्हाला चित्रं येतात. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. स्क्रीनवर अंगठी ताटाएवढी दिसते, प्रत्येक पाकळी मोजता येते. प्रत्यक्षात ती पाकळी अर्धा मिलिमीटर असते आणि पॉलिशमध्ये पुसून जाते. म्हणून चार आकडे मागा: पट्टीची रुंदी, जाडी, बोटावरून हिऱ्याच्या माथ्यापर्यंतची उंची आणि सोन्याचं अंदाजे वजन. मग चित्र खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे नमुना. मेणाचा किंवा रेझिनचा नमुना आता कुठेही छापून मिळतो, पण मी चांदीत करायला सांगते, साधा खडा लावून. चार दिवस घाला. त्यात कणीक मळा, भांडी घासा, कीबोर्डवर काम करा, जुन्या ओढणीवरून हात फिरवा. धागा ओढला गेला तर कुठलं नख टोचतंय ते तिथेच कळतं. थोडा खर्च वाढतो, पण सोनं ओतल्यावर बदल करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

पसंती दिल्यावर काम कारखान्यात जातं. मेणाच्या प्रतिकृती एका दांड्यावर झाडासारख्या लावतात, त्याभोवती प्लास्टर ओततात, भट्टीत मेण जळून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं सोनं शिरतं. पुढे कानस, पॉलिश आणि मग खडा बसवणारा कारागीर. त्याचं काम बघायला मिळालं तर सोडू नका. तो प्रत्येक नखाला आतून हिऱ्याच्या कडेएवढी खाच पाडतो, हिरा टेकवतो आणि समोरासमोरची नखं आलटून पालटून दाबतो. शेवटी अंगठी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारतो. खडा हलत असेल तर बारीक टिकटिक ऐकू येते. ही परीक्षा तुम्हीही शिकून घ्या, जन्मभर उपयोगी पडेल.

ताब्यात घेताना

१६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आत तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (१८ कॅरेटला ‘१८के७५०’) आणि एचयूआयडी. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही, आणि नाजूक अंगठी याच फटीत सापडते. त्यासाठीही अंगठीत पुरेसं सोनं असू द्या.

आता वजन. एका पेढीतून अंगठी घेतलेलं जोडपं माझ्याकडे पावती घेऊन आलं होतं. त्यांच्याकडून खड्यासकट वजनावर सोन्याचा भाव लावला होता, आणि खड्याचे पैसे पुन्हा वेगळे. हे होऊ नये म्हणून तुम्हीच हिशेब करा. समजा एकूण वजन ३.८६० ग्रॅम आणि हिरे ०.४२ कॅरेट. ०.४२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०८४ ग्रॅम. निव्वळ सोनं ३.७७६ ग्रॅम, भाव फक्त त्यावर. हिरे लहान असतील तर फरक काही शे रुपयांचा, पण दीड कॅरेटचा नीलम असेल तर तो ०.३ ग्रॅम भरतो आणि फरक बोचू लागतो. दुसरं, १८ कॅरेटचा भाव २४ कॅरेटच्या ७५ टक्के असायला हवा. ७६-७८ टक्के धरलेत का, हे विचारा. पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता, खड्यांचं वजन आणि प्रत, घडणावळ, हॉलमार्कचा खर्च आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळं हवं. तुमचंच सोनं देऊन फक्त घडवून घेतलं असेल तर मजुरीवर ५ टक्के. परत घेण्याच्या आणि बदलून देण्याच्या अटी तोंडी ऐकू नका, लिहून घ्या.

पैसे चुकते करण्याआधी अंगठी सपाट काचेवर ठेवा. डुलली तर ती सरळ नाही. भिंगातून प्रत्येक नख हिऱ्याला टेकलंय का बघा. नख आणि हिरा यांमध्ये उजेडाची रेघ दिसली तर परत द्या. ओढणीवरून फिरवा, कानाशी टिचकी मारा.

पुढे वर्षातून एकदा नखं तपासून घ्या. साफसफाईला कोमट पाणी, सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरतो. ब्लीचच्या पाण्यात हात घालताना अंगठी काढा. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये मेंदी आणि हळद येते. त्या दोन्ही वेळी अंगठी डबीत घालून बहिणीच्या हवाली करा. हळद कोंदणाच्या नखांखाली जाऊन बसली की हिरा पिवळा पडल्यासारखा दिसतो. तसं झालंच तर घाबरू नका: वाटीभर कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि ब्रश वरून नाही, खालच्या बाजूने, कोंदणाच्या पोकळीतून फिरवा.